कॉर्क परगण्याचे क्रीडाविभाग
कॉर्क परगण्याचे क्रीडाविभाग : आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कॉर्क परगण्याची गेलिक खेळांच्या स्पर्धांसाठी केलेली आठ भागांतली विभागणी. कार्बरी, बेरा, मस्करी, डुहॅलो, ॲव्हनडू, इमोकिली, कॅरिगडून आणि शॅनडून हे ते आठ विभाग. त्यांतला शॅनडून कॉर्क शहराचा. बाकीचे सात शेतीभाती, दुभती जनावरे आणि लहान बाजारगावे यांच्या मुलखातले. प्रत्येक विभागाला स्वतःचे मंडळ आणि स्वतःच्या स्पर्धा आहेत. शिवाय परगण्याच्या सर्वोच्च अजिंक्यपदासाठी उतरवता येईल असा स्वतःचा निवडक संघही आहे. या विभागणीचे वेगळेपण या संघात आहे. स्पर्धांच्या सोयीसाठी प्रदेशाचे भाग पाडण्याची रीत सगळीकडेच आढळते. मात्र अशा भागाला खेळाडूंनी आपला मानावे आणि त्याच्या संघात निवड व्हावी म्हणून झटावे, हे क्वचित घडते.

कॉर्क हा आयर्लंडमधला सर्वांत मोठा परगणा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,५०० चौ.किमी. आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढे. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार शहर धरूनही सहा लाखांच्या आतच आहे. पश्चिमेला बेरा द्वीपकल्पातले कॅसलटाउनबेर हे मच्छीमारांचे बंदर, तर पूर्वेला वॉटरफर्डच्या सीमेवरचे यॉल. या दोन टोकांमध्ये रस्त्याने दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. विरळ वस्ती, लांब अंतरे आणि संध्याकाळी दूध काढायला घरी परतावे लागणारे खेळाडू, या परिस्थितीतून विभागांची गरज निर्माण झाली.

पार्श्वभूमी : गेलिक ॲथलेटिक असोसिएशन या संघटनेची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातील थर्लस गावी हेझ हॉटेलात झाली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे तिचे प्रमुख संस्थापक. कॅशलचे आर्चबिशप टॉमस क्रोक तिचे आश्रयदाते झाले. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे दोन मुख्य खेळ. दोन्हींत संघ पंधरा जणांचा असतो. चेंडू गोलजाळ्यात गेला की तीन गुण आणि आडव्या दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला की एक गुण, ही मोजणीही २०२४ पर्यंत सारखीच होती. हर्लिंग ॲश लाकडाच्या पसरट टोकाच्या काठीने आणि चामड्याच्या लहान चेंडूने खेळतात. या खेळाचा युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

संघटनेचा पाया गावपातळीवरचा क्लब, आणि क्लबाचा पाया कॅथलिक चर्चचा पॅरिश. ज्या पॅरिशमध्ये माणूस राहतो त्या पॅरिशच्या क्लबासाठी त्याने खेळायचे, ही रूढी ग्रामीण भागात आजही बळकट आहे. क्लबांच्या वर परगण्याचे मंडळ, त्याच्या वर प्रांत आणि सर्वांत वर मध्यवर्ती समिती, अशी उतरंड आहे. कॉर्कमध्ये परगण्याची अजिंक्यपद स्पर्धा १८८७ पासून खेळली जाते. क्लबांची संख्या वाढत गेली तशी शहरात बसलेल्या एका मंडळाला सगळ्या सामन्यांची आखणी, पंच आणि तक्रारी यांचा भार पेलेना. १९२० च्या दशकात आणि त्यापुढच्या काही वर्षांत क्लब आणि परगणा यांच्या मध्ये विभागीय मंडळांची पायरी उभी राहिली. आज कॉर्कमध्ये अडीचशेहून अधिक क्लब आहेत. ही मधली पायरी नसती तर खालच्या श्रेणीच्या स्पर्धा एका जागेवरून चालवणे अशक्य झाले असते.

सीमा आणि नावे : विभाग आखताना नकाशाचे सारखे तुकडे पाडले नाहीत. कार्बरी, मस्करी, डुहॅलो, इमोकिली आणि बेरा ही जुन्या बॅरनींची, म्हणजे मध्ययुगीन सरदारी मुलखांवरून पडलेल्या महसुली भागांची नावे. १८९८ च्या स्थानिक शासन कायद्यानंतर बॅरनींना कारभारात अर्थ उरला नाही. लोकांच्या बोलण्यात मात्र त्या राहिल्या, आणि क्रीडामंडळांनी तीच नावे उचलली. उत्तरेकडच्या विभागाला ब्लॅकवॉटर नदीच्या जुन्या आयरिश नावावरून ॲव्हनडू म्हणतात. फर्मॉय, मॅलो, मिचेल्सटाउन आणि चार्लव्हिल ही बाजारगावे त्यात येतात. कॅरिगडून हा शहराच्या दक्षिणेचा, किन्सेल आणि कॅरिगलाइनच्या आसपासचा आटोपशीर विभाग आहे.

विभागांचे आकार फार विषम आहेत. नैर्ऋत्येचा कार्बरी विस्ताराने आणि क्लबांच्या संख्येने मोठा आहे, तर बेरामध्ये क्लब हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. समान वाटणीच्या दृष्टीने हा दोष ठरतो. परंतु डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेल्या बेराच्या लोकांना कार्बरीत जोडले असते, तर त्यांना आपल्या प्रत्येक सामन्यासाठी दुसऱ्याच्या मुलखात जावे लागले असते. आखणी करणाऱ्यांनी आकड्यांपेक्षा भूगोलाला मान दिला, हे योग्यच झाले.

शासकीय सीमांशी या विभागांचा मेळ नाही, आणि तो घालण्याचा प्रयत्नही झालेला नाही. २०१४ मध्ये आयर्लंडमधल्या नगर परिषदा रद्द झाल्या आणि कॉर्क परगणा परिषदेच्या अखत्यारीत आठ नगरजिल्हे आले. ती आठ संख्या निव्वळ योगायोगाची असून त्यांच्या सीमा वेगळ्या आहेत. ३१ मे २०१९ रोजी कॉर्क शहराची हद्द वाढली, तेव्हा बॅलिनकॉलिग, ब्लार्नी आणि ग्लॅनमायर ही गावे शहरात गेली. पण खेळाच्या नकाशावर बॅलिनकॉलिग आणि ब्लार्नी मस्करीतच राहिली आणि ग्लॅनमायर पूर्वेकडच्या इमोकिलीत. घरपट्टी शहराकडे भरणारा माणूस रविवारी मस्करीचा असतो. हद्दवाढीचे निर्णय दर काही वर्षांनी होतात. क्रीडाविभागाची सीमा त्यांच्यामागून धावू लागली, तर एकाही पिढीला तिची ओळख जडणार नाही.

खेळाच्या आवडीनेही विभागांना रंग दिला आहे. पूर्वेकडचा इमोकिली हा हर्लिंगचा मुलूख. अनेकांच्या मते आजवरचा सर्वश्रेष्ठ हर्लिंगपटू असलेला क्रिस्टी रिंग याच विभागातल्या क्लॉइन गावचा. बेरा आणि कार्बरीचा बराच भाग फुटबॉलचा आहे. डुहॅलोत केरी परगण्याच्या शेजारामुळे फुटबॉलचा जोर असला, तरी कँटर्क गावाने हर्लिंगही टिकवले, आणि २०१८ मध्ये तेथील क्लबाने अखिल आयर्लंड मध्यम श्रेणीचे हर्लिंग अजिंक्यपद जिंकले. मस्करीत आयरिश भाषा बोलणारी गावे आहेत. याच विभागातल्या अहाबुलोग क्लबाने १८९० मध्ये कॉर्कला पहिले अखिल आयर्लंड हर्लिंग अजिंक्यपद मिळवून दिले होते.

स्पर्धांची रचना : विभागीय मंडळाचे रोजचे काम कनिष्ठ श्रेणीचे. येथे कनिष्ठ म्हणजे वयाने लहान नव्हे. वरिष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ या ताकदीनुसार पाडलेल्या प्रौढांच्या श्रेणी आहेत. लहान पॅरिशचा क्लब आपल्या विभागातल्या शेजाऱ्यांशीच साखळी आणि बाद पद्धतीचे सामने खेळतो. ‘कनिष्ठ अ’ श्रेणीचे विभागीय विजेते पुढे परगण्याच्या स्पर्धेत एकमेकांशी भिडतात. विभागाचा अंतिम सामना हा त्या भागातला वर्षाचा मोठा दिवस असतो, कारण मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकाच शाळेत शिकलेले, एकाच दूधसंघात दूध घालणारे आणि सोयरिकीने बांधलेले लोक उभे असतात. असे शेजारचे वैर आणि जिव्हाळा परगण्याच्या सामन्यात सापडत नाही.

विभागाचे दुसरे काम निवडक संघ उतरवण्याचे. वरिष्ठ श्रेणीत न खेळणाऱ्या क्लबांतले उत्तम खेळाडू एकत्र करून विभाग आपला संघ बांधतो आणि परगण्याच्या वरिष्ठ अजिंक्यपदासाठी पाठवतो. महाविद्यालयांचे संघही याच मार्गाने येतात. तीनशे वस्तीच्या गावात जन्मलेल्या गुणी खेळाडूला क्लब न सोडता सर्वोच्च पातळीवर खेळण्याची वाट यामुळे मिळते. अन्यथा त्याला शहरातल्या एखाद्या बलाढ्य क्लबाकडे जावे लागले असते. रिंग स्वतः १९४१ मध्ये शहरातल्या ग्लेन रोव्हर्सकडे गेला होता. तो क्लब १९३४ ते १९४१ अशी सलग आठ वर्षे परगण्याचा हर्लिंग विजेता होता.

विभागीय संघांनी ही संधी वाया घालवली नाही. फुटबॉलमध्ये डुहॅलोने १९९० आणि १९९१, बेराने १९९७ आणि कार्बरीने २००४ मध्ये परगण्याचे वरिष्ठ अजिंक्यपद जिंकले. हर्लिंगमध्ये ॲव्हनडूने १९९६ मध्ये आणि इमोकिलीने त्यानंतरची लागोपाठ दोन वर्षे बाजी मारली. पुढे २०१७, २०१८ आणि २०१९ अशा सलग तीन विजयांनी इमोकिलीने सगळ्या परगण्याला विचारात पाडले. या मोठ्या, हर्लिंगवेड्या विभागात गुणी खेळाडूंचा साठा एवढा होता, की एकेका पॅरिशवर उभा असलेला क्लब त्याच्यापुढे अपुरा पडू लागला. २०१८ च्या अंतिम सामन्यात इमोकिलीने हरवलेला मिडल्टन क्लब इमोकिलीच्याच भूमीवरचा, पण वरिष्ठ श्रेणीत असल्यामुळे वेगळा खेळणारा.

प्रांतिक क्लब स्पर्धेत विभागीय संघाला प्रवेश नाही, कारण ती केवळ क्लबांची स्पर्धा आहे. विभाग परगण्याचा विजेता ठरला, की कॉर्कचे प्रतिनिधित्व एखाद्या क्लबाकडे जाते. २०२४ मध्ये यातून विलक्षण प्रसंग घडला. परगण्याच्या अंतिम सामन्यात इमोकिलीकडून हरलेला ग्लॅनमायरचा सार्सफील्ड्स क्लब मन्स्टर प्रांतात उतरला आणि वॉटरफर्डच्या बॅलिगनरला नमवून प्रांताचा विजेता झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो अखिल आयर्लंड अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तेथे डब्लिनच्या ना फिएना क्लबाकडून हरला. परगण्यात दुसरा आलेला संघ प्रांतात पहिला ठरतो, ही गोष्ट बाहेरच्याला विसंगत वाटेल. तरीही नियम बरोबर आहे. अनेक गावांतून निवडलेल्या संघाने प्रांतातल्या एकेका गावाच्या क्लबावर चालून जाणे अन्यायाचे झाले असते.

२०२० पासून कॉर्कने आपल्या श्रेणींची फेरमांडणी केली. वरच्या श्रेणींत बारा-बारा क्लब ठेवून त्यांचे चार-चारांचे तीन गट केले. सर्वोच्च श्रेणीसाठी विभाग आणि महाविद्यालये आधी आपसांत खेळतात, आणि त्यांतला विजेता क्लबांच्या बाद फेरीत दाखल होतो. त्यामुळे विभागांची दारे अरुंद झाली, बंद झाली नाहीत. शेजारच्या केरी परगण्यातही विभागीय संघांची परंपरा आहे. ईस्ट केरीने २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये तेथील फुटबॉल अजिंक्यपद जिंकले. या संघाचा डेव्हिड क्लिफर्ड हा नामवंत खेळाडू किलार्नीजवळच्या फॉसा या लहान क्लबाचा. फॉसा सोडून तो कोठेही गेला नाही, याचे बरेचसे श्रेय या व्यवस्थेला द्यावे लागेल.

अडचणी : सर्वांत मोठी अडचण खेळाडूच्या अंगावर पडणाऱ्या भाराची. कॉर्कमध्ये बरेच जण हर्लिंग आणि फुटबॉल दोन्ही खेळतात. असा तरुण क्लबाच्या दोन आणि विभागाच्या दोन संघांत निवडला गेला, तर उन्हाळ्यात त्याला एकही मोकळी संध्याकाळ मिळत नाही. तरुण वयोगटाचे सामने त्यावर वेगळेच. क्लबाचे प्रशिक्षक विभागाच्या सरावाला खेळाडू सोडायला नाखूश असतात, आणि ते समजण्यासारखे आहे. परिणामी विभागीय संघ पुष्कळदा मोजक्या सरावावर मैदानात उतरतो. एखादा क्लब आपल्या श्रेणीत ऐन रंगात असला, तर त्याचे खेळाडू विभागाकडे पाठ फिरवतात.

दुसरी अडचण लोकसंख्येची. शहराभोवतीची बॅलिनकॉलिग, कॅरिगलाइन आणि मिडल्टन ही गावे वाढत आहेत, तर पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या डोंगरी पॅरिशांत मुले कमी होत आहेत. काही ठिकाणी शेजारी क्लबांना मुलांचे एकत्र संघ करावे लागतात. महिलांचे खेळ आजवर स्वतंत्र संघटनांकडे राहिले आहेत. कॅमोगीची, म्हणजे महिलांच्या हर्लिंगची, संघटना १९०४ पासूनची आणि महिला गेलिक फुटबॉलची १९७४ पासूनची. या दोन आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन अशा तिन्ही संघटनांच्या विलीनीकरणाची प्रक्रिया सुरू आहे. ती पूर्ण झाल्यावर मैदाने, पंच आणि सामन्यांचे दिवस यांची वाटणी विभागीय मंडळांना नव्याने करावी लागेल.

मूल्यमापन : लहान विभाग मोठ्यांत मिसळून आठाचे चार करावेत, असा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. पंचांचा आणि प्रवासाचा खर्च त्यात कदाचित वाचेलही. परंतु विभाग टिकले ते कमी खर्चामुळे नव्हे. लोकांच्या मनात आधीपासून असलेल्या मुलखांना त्यांनी खेळाचे मैदान दिले आणि लहान गावच्या खेळाडूला गाव न सोडता वर जाण्याचा मार्ग दिला, म्हणून ते टिकले. सामन्यांचे दिवस कमी करावेत, श्रेणी बदलाव्यात, निवडीचे नियम दर काही वर्षांनी तपासावेत. सीमांना मात्र हात लावू नये. मोजक्या क्लबांच्या बळावर १९९७ मध्ये परगणा जिंकणारा बेरा स्वतंत्र विभाग म्हणूनच राहिला पाहिजे.