राजसत्तेचा मान (ख्रिस्ती आचारधर्म)

पवित्र जीवन जगू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने देशाचा कायदा आणि अधिकारी यांच्याशी कसे वागावे, याविषयीची शिकवण. नव्या करारात तिचे दोन मुख्य आधार आहेत: पौलाच्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा. कर भरावा, राजाला मान द्यावा, निंदकांची तोंडे चांगल्या वागण्याने बंद करावीत, असा त्यांचा रोख. मात्र प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हाच पेत्र न्यायसभेपुढे उभा राहून माणसांच्या हुकुमापेक्षा देवाची आज्ञा वरची मानतो. मान देणे म्हणजे मुकाट राहणे नव्हे.

महाराष्ट्रात या शिकवणीची खरी कसोटी 1897 साली पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) वाट्याला आली. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुलीबाळींना प्लेगच्या दिवसांत पुण्यात ठेवण्यास सरकारी मनाई झाली. रमाबाईंनी ती पाळली आणि सर्वांना केडगावच्या आपल्या जमिनीवर नेऊन तात्पुरता आसरा दिला; त्यांच्या ‘मुक्ती’ या आश्रमसंस्थेची वस्ती तिथे उभी राहिली. पण त्याच वर्षी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात त्यांनी पुण्यातल्या प्लेग इस्पितळाच्या कारभारावर, तिथे स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही म्हणून, स्वतःच्या नावाने कडक टीका केली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. इंग्लंडमध्ये प्लेगबंदोबस्तातील अत्याचारांचा आरोप करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले यांना परतल्यावर माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. हुकूम पाळणारी आणि हुकूमकर्त्यांना खडसावणारी बाई एकच होती, आणि दोन्हींचे मूळ तिच्या भक्तीत होते. 1919 मध्ये त्याच सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

पुढच्या काळातले उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन 25 जुलै 2024) यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीतून पाणी, जमीन आणि झाडांसाठी बिल्डरशाहीशी आणि तिला पाठीशी घालणाऱ्या कारभाराशी झुंज दिली. बायबलचे ‘सुबोध’ मराठी भाषांतर करणारा धर्मगुरू मोर्च्यात चालला, यात विसंगती शोधणाऱ्यांनी पेत्राचे पत्र अर्धेच वाचले असे म्हणावे लागेल.

राज्यघटनेनंतर प्रश्नाचे रूप पालटले. अनुच्छेद 25 धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क प्रसाराच्या हक्कात धरला नाही. सुवार्ता सांगणाऱ्याने ही सीमा मनापासून पाळावी. दडपण किंवा आमिष ख्रिस्ताच्या नावालाच बट्टा लावते.

पौलाच्या वाचकांना सम्राट निवडता येत नव्हता, रमाबाईंना गव्हर्नर निवडता येत नव्हता. आजच्या मतदाराचे तसे नाही. उदाहरणार्थ, ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात मोडतो. 1996 च्या ‘पेसा’ कायद्याने तिथल्या ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. तिथल्या ख्रिस्ती मतदाराने ज्या सत्तेला मान द्यायचा, त्या सत्तेच्या ग्रामसभेत तो स्वतःही बसतो.