मांजराच्या पावलांचा ठोका

खरे मांजर चोरपावलांनी चालते तेव्हा कानावर काहीच येत नाही; म्हणून तर दुधाच्या पातेल्याचा घात होतो. कार्टूनमधले मांजर दबकत निघाले की मात्र दर पावलाला व्हायोलिनची तार बोटाने छेडल्याचा आवाज होतो, भिंतीवर आपटले की झांजा वाजतात, जिन्यावरून गडगडले की पियानोचे सूरही वरून खाली घसरतात. हे सगळे तर्काला सोडून आहे, तरी कुणाला खटकत नाही. उलट तो सूर जरा उशिरा पडला असता तर खटकला असता. प्रेक्षकाला ही सवय आपसूक लागलेली नाही. ती लावली गेली, आणि तिच्या मुळाशी एक हिशेब आहे.

मूकपटांच्या काळात असा हिशेब नव्हता. थिएटरात पडद्यापाशी पियानो किंवा ऑर्गन वाजवणारा बसे आणि पडद्याकडे पाहत सुचेल तसे वाजवत राही. कान्सास सिटीच्या आयसिस थिएटरात कार्ल स्टॉलिंग नावाचा ऑर्गनवादक यात मुरलेला होता. पाठलाग सुरू झाला की एक धून, नायिका दिसली की दुसरी, मध्येच कुणी पाय घसरून पडला की तिसरी, आणि या सगळ्यांची जोडणी जागच्या जागी. त्याच गावात कार्टूनचा धंदा मांडून बसलेल्या वॉल्ट डिस्नेशी त्याची ओळख झाली. पुढे अडीअडचणीला त्याने डिस्नेला उसने पैसेही दिले. पण माणूस कितीही तयारीचा असो, पडद्यावरची पडापडी पाहून मग त्याने सूर लावायचा म्हणजे पापणी लवण्याएवढा उशीर होणारच.

1927 च्या अखेरीस बोलपट आले आणि डिस्नेच्या मंडळींना वेगळीच धास्ती पडली. हाडामांसाचा नट बोलतो हे प्रेक्षक मान्य करतील, पण शाईने काढलेला उंदीर शीळ घालतो हे कोण मानणार? आवाज कुठून तरी मागून येतोय, असेच वाटणार. तोड काढली विल्फ्रेड जॅक्सन या नवख्या अ‍ॅनिमेटरने. त्याची आई पियानो शिकवत असे, त्यामुळे ठराविक लयीत ठोके देणारे मेट्रोनोम हे यंत्र त्याच्या घरातले. त्याने सरळ गणित मांडले. बोलपटाची फिल्म सेकंदाला 24 फ्रेम या ठरलेल्या गतीने धावते. मग दर 12 फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला 120 ठोके होतात. दर 8 फ्रेमला धरला तर 180. म्हणजे लय फ्रेममध्ये मोजता येते, आणि चित्रकाराला कागदावरच कळते की उंदराची टाच कितव्या चित्रात जमिनीला टेकवायची. तबलजी मात्रा मोजतो तशा याने फ्रेम मोजल्या, आणि समेची जागा चित्र काढण्याआधीच ठरली.

मिकी माउसचे 'स्टीमबोट विली' हे कार्टून अर्धवट तयार असताना 1928 मध्ये स्टुडिओतच त्याची चाचणी झाली. पडदा म्हणून चादर टांगली. प्रोजेक्टरची घरघर आत येऊ नये म्हणून वॉल्टचा भाऊ रॉय खिडकीबाहेरून चित्रपट दाखवत होता. चादरीमागे जॅक्सनचा माउथ ऑर्गन आणि अ‍ॅनिमेटर अब आइवर्क्सप्रभृतींची भांडीकुंडी. समोर प्रेक्षक म्हणून घरच्याच बायकामंडळी. सगळे जमून आले तेव्हा वादक इतके हरखले की त्यांनी वॉल्टलाही प्रेक्षकांत बसवून पुन्हा वाजवले. इतका आनंद पुढे कशानेच झाला नाही, असे आइवर्क्स नंतर सांगत असे. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की चित्रपट पुरा होण्याआधी त्यांनी प्रेक्षकाचा चेहरा तपासला. आवाज उंदराचाच आहे, हे समोरच्यांनी निमूट मानले होते.

न्यूयॉर्कमध्ये खऱ्या वाद्यवृंदासमोर मात्र हे गणित कोसळले. कंडक्टरचे पडद्याशी जमेना आणि पहिले ध्वनिमुद्रण वाया गेले. दुसऱ्या खेपेच्या पैशांसाठी डिस्नेला आपली मोटार विकावी लागली. या वेळी फिल्मवरच एक वरखाली उडणारा चेंडू छापून घेतला; चेंडू खाली आला की ठोका. ते जमले. 18 नोव्हेंबर 1928 ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात 'स्टीमबोट विली' लागला. त्याच्यासोबत दाखवलेला मुख्य बोलपट आज कुणाच्या लक्षातही नाही.

चेंडू डोळ्यांना दिसतो, पण वादकाचे डोळे स्वरलिपीच्या कागदावर असतात. डिस्नेकडे संगीतकार म्हणून आलेल्या स्टॉलिंगने ठोका कानाकडे नेला. फिल्मच्या पट्टीला ठरावीक अंतरावर भोके पाडायची. ध्वनी वाचणाऱ्या भागावरून भोक सरकले की 'टक्' वाजते. हा टक्-टक् आवाज टेलिफोनच्या रिसीव्हरमधून वादकाच्या एका कानात सोडायचा, दुसरा कान वाद्यासाठी मोकळा. पुढे ही पद्धत इतकी बारीक झाली की फ्रेमचेही आठ भाग करून ठोका ठरवू लागले. आज चित्रपटसंगीतात जगभर वापरला जाणारा क्लिक ट्रॅक तो हाच. त्याच्या जनकत्वावर 'किंग काँग'चा संगीतकार मॅक्स स्टाइनर याचेही नाव लावले जाते. पण मूळ गरज कार्टूनची होती, हे धरून चालायला हरकत नाही.

स्टॉलिंगच्याच सूचनेवरून 1929 मध्ये 'द स्केलेटन डान्स' निघाला. कबरस्तानात मध्यरात्री चार सांगाडे नाचतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर हाडे बडवून झायलोफोन वाजवतो. गोष्ट काहीच नाही, नुसती लय. हे प्रकरण प्रेक्षकांना फार भेसूर वाटेल म्हणून थिएटरवाल्यांनी आधी नाके मुरडली. लोक मात्र हसले. हाड आणि सूर एका क्षणी भेटला की भीतीचे हसू होते, हे तेव्हा कळले असावे. यातूनच 'सिली सिम्फनी' मालिका सुरू झाली.

इथून घराणी दोन झाली. एक हसवणाऱ्यांचे. स्टॉलिंग 1936 मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडे गेला आणि 1958 पर्यंत तिथल्या भल्यामोठ्या वाद्यवृंदासाठी कार्टूनमागून कार्टून लिहीत राहिला. मेट्रो-गोल्डविन-मेयरकडे 'टॉम अँड जेरी'साठी स्कॉट ब्रॅडली होता. गंभीर संगीतकार हालचालीला सूर जुळवण्याच्या या कामाला 'मिकी-माउसिंग' म्हणून हिणवत. पण टॉमचा 'द कॅट कॉन्चेर्टो' पाहा. टॉम फ्रॅक घालून लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला बसतो, पियानोच्या आत झोपलेल्या जेरीची झोपमोड होते, आणि मग हातोड्यांवर, पट्ट्यांवर, झाकणाखाली मारामारी जुंपते. एवढ्या गोंधळातही टॉमची बोटे कुठेही भलत्याच पट्टीवर पडलेली वाटत नाहीत. 1947 मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. त्याच सुमारास वॉर्नरचा बग्ज बनीही तीच ऱ्हॅप्सडी 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'मध्ये वाजवत होता, आणि दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. बग्जने तर सुरुवातीलाच मैफलीत खोकणाऱ्या श्रोत्याला गोळी घालून गप्प केले. मैफलीतल्या कडक शिस्तीची अशी टर दुसऱ्या कुणी उडवलेली मला आठवत नाही.

दुसरे घराणे भक्तिभावाचे. 13 नोव्हेंबर 1940 ला डिस्नेचा 'फँटेशिया' न्यूयॉर्कला लागला. थिएटर तेच, जिथे 12 वर्षांपूर्वी बोटीवरचा मिकी शीळ घालत होता. नाव बदलून आता ब्रॉडवे थिएटर झाले होते. कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्हस्कीने अभिजात संगीत आधी ध्वनिमुद्रित केले आणि चित्रे त्यावर मागाहून काढली, म्हणजे हुकूम आता सुरांचा. खर्च वीस लाख डॉलरच्या वर गेला. सभागृहात चहूकडून नाद यावा म्हणून 'फँटासाउंड' ही खास यंत्रणा उभारली; तिच्या कामासाठी ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन तरुण इंजिनिअरांकडून आठ ऑसिलेटर घेतले होते.

प्रतिक्रिया मात्र एकमुखी आल्या नाहीत. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉस्ली क्राउदरने तोंडभरून कौतुक केले. डोरोथी थॉम्पसन या नामांकित स्तंभलेखिकेचे डोके इतके फिरले की तिने चित्रपटाला थेट नाझी वृत्तीशी जोडले. बेथोव्हनच्या 'पास्टोरल' सिम्फनीवर घोड्याच्या धडाच्या लाजऱ्या पोरी पाहून संगीतप्रेमी दुखावले. स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'वर डायनासोर चालवले होते. 1913 मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी या कृतीच्या पहिल्या प्रयोगाला गोंधळ घातला होता. आता खुद्द संगीतकारच पुढे अनेक वर्षे डिस्नेवर कडवट बोलत राहिला. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद होती. पैसे बुडाले आणि 1942 मध्ये वितरकांनी चित्रपट कापून आखूड केला. तो नफ्यात आला 1969 च्या पुनर्प्रदर्शनानंतर, आणि तोही लांब केसांच्या कॉलेजकुमारांमुळे. नाचणारी अळंबी नि वितळणारे रंग त्यांना आपल्याच नशेच्या जगातले वाटले.

माझा कल पहिल्या घराण्याकडे आहे. 'फँटेशिया'तला मिकी जादूगाराचा शागीर्द होऊन झाडूंना पाणी भरायला लावतो तो भाग आजही लोक विसरत नाहीत, कारण तिथे झाडूचे पाऊल आणि बासूनचा सूर पुन्हा एकत्र पडतो. जिथे चित्र नुसते आदराने सुरांमागून चालते तिथे प्रेक्षक घड्याळ पाहतो. वॉर्नरवाल्यांनी हे ओळखले असावे. 1949 च्या एका कार्टूनमध्ये बग्ज पांढरा टोप चढवून स्टोकोव्हस्की होतो, वादक दबल्या आवाजात 'लिओपोल्ड' म्हणत बाजूला सरतात, आणि तो पहिल्याच क्षणी काठी मोडून टाकतो. खरा स्टोकोव्हस्की काठीशिवायच वाद्यवृंद चालवत असे.

आपल्याकडे 1995 मध्ये कार्टून नेटवर्क आले आणि कराड-सांगलीच्या पोरांनीही लिस्ट, रॉसिनी, वॅग्नर ऐकले, नावे न कळता. स्टॉलिंग प्रसंगाला शोभेल अशा शब्दांच्या जुन्या अमेरिकी गाण्याची धून मुद्दाम पेरत असे. ती गंमत आपल्यापर्यंत पोचली नाही. आपटणे आणि झांज मात्र पोचली.

अमेरिकेत 1990 पासून कंडक्टर जॉर्ज डॉर्टीने वॉर्नरची ही कार्टुने पडद्यावर दाखवून समोर पूर्ण वाद्यवृंद बसवायला सुरुवात केली. क्लिक ट्रॅकचा ठोका तिथेही साथीला आहेच. आपल्या नाटकातला नट हशा आला की थांबतो, तो ओसरू देतो, मग पुढचे वाक्य टाकतो. इथे ती सोय नाही. सभागृह कितीही खदखदून हसले तरी ससा ठरल्या फ्रेमलाच उडी मारणार, आणि व्हायोलिनवाल्यांना त्या हशातूनच पुढचा सूर वाजवावा लागतो.