पयली खेप

निवडणूक लागली की आजा ओसरीवर बसून एकच सांगायचा : "पयल्या खेपीले आपन, दुसऱ्या खेपीले सारा गाव." लहानपणी मला ते कोडंच वाटे.

ते कोडं पुणे कराराचं होतं. २४ सप्टेंबर १९३२ ला दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या वाट्याला २०. त्या जागेसाठी आधी फक्त दलित मतदारांनी मत द्यायचं, त्यातून चौघं निवडायचे आणि मग त्या चौघांतून एकाला साऱ्या मतदारांनी. ही झाली प्राथमिक निवडणूक, म्हणजे आज्याची पयली खेप. मतही सगळ्यांना नव्हतं. आज्याचं नाव यादीत नव्हतं. तो नुसता बैठकीला जायचा.

डिसेंबर १९४५ मध्ये जिथं जिथं अशी पहिली फेरी झाली, तिथं बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं काँग्रेसला चांगली टक्कर दिली. १९४६ च्या दुसऱ्या फेरीत मात्र त्याच्या हाती मोजक्याच जागा लागल्या. "आपन ज्याले पुढं केला, त्याले दुसऱ्या खेपीनं पाडला," हे सांगताना आज्याचा आवाज बसायचा.

पुढं राज्यघटनेनं प्रत्येक प्रौढाला मत दिलं. १९५२ ला आज्यानं पहिल्यांदा पेटीत चिठ्ठी टाकली, तो दिवस त्याला सणासारखा आठवे. पण पयली खेप आता उरली नव्हती. राखीव जागेवर कोण उभं राहणार, हे पक्षांच्या कचेऱ्यांत ठरू लागलं.

मग मार्च १९९८ उजाडला. अमरावतीतून दारापूरचे रा. सू. गवई निवडून आले, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर. चिमूरहून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. फेडरेशनचा वारसा चालवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार, आणि चारही जागा खुल्या! काँग्रेसशी युती होती; पण उमेदवार आपल्या पक्षाचे होते आणि मतं साऱ्या समाजाची.

थकलेला आजा खाटेवर उठून बसला. "दोनी खेपा एकाच चिठ्ठीत झाल्या पोरा," म्हणाला आणि डोळे पुसत राहिला.

ती लोकसभा तेरा महिन्यांत विसर्जित झाली. आजाही गेला. पण आजही आमच्याकडं उमेदवारी जाहीर झाली की मी आधी एवढंच विचारतो : पयली खेप कोनं केली?