अंगणवाडी आणि न आलेली मुलं

आमच्या ऑफिसात हल्ली काहीही ठरवायचं म्हटलं की एकच मंत्र: 'ए-बी टेस्ट करूया'. अर्ध्या लोकांना हिरवं बटण, अर्ध्यांना निळं, आणि क्लिक मोजायचे. पण ज्याने ॲप उघडलंच नाही, त्याचं काय? तो दोन्हीकडे नसतोच!

या विषयावर विचार करताना मला बोर्डी आठवते. बोईसरहून उत्तरेला वाणगाव, डहाणू, मग घोलवड, आणि तिथून समुद्राकडे बोर्डी. ताराबाई मोडकांनी १९४५ साली इथे बालवाडी काढली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, मॉन्टेसरी पद्धतीत मुरलेल्या बाई. सोबत अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली खरी, पण गरीब वस्तीतली मुलं काही येईनात.

आता प्रयोग करायचाच असता तर दोन गट पाडून दोन तऱ्हेची खेळणी देता आली असती. निष्कर्षही निघाला असता, पण आलेल्या मुलांपुरता. न आलेली मुलं कळायला वस्तीवर जाऊन बघायलाच हवं. आणि तिथे काय दिसायचं? आईबाप मजुरीला गेलेले, बहिणीच्या कडेवर धाकटं भावंडं, कुणी गुरांमागे. यांना आवरून शाळेत पोचवणार कोण? मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! पुढे १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे.

मानसशास्त्रात याला नैसर्गिक निरीक्षण म्हणतात. प्याजेनेही आपल्या तीन मुलांकडे बघत बघतच बरंच काही मांडलं. यात एक मोठी अडचण मात्र आहे. अंगणात मुलं जमली ती अंतर मिटलं म्हणून, की ताराबाई-अनुताईंसारखी माणसं होती म्हणून? तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येत नाही.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही बरं का. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं 'अंगणवाडी'. जागा सरकारी आदेशाने देता येते. अनुताई कुठून आणणार?

असो. त्यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' कुठे मिळालं तर जरूर वाचा.