रजोनिवृत्ती, वजन आणि भाकरी

सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती साधारणतः ४६-४७ व्या वर्षी येते. या काळात इस्ट्रोजेन घटते, स्नायू कमी होतात आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. स्त्रियांसाठी ८० सें.मी.हून अधिक कंबर ही धोक्याची खूण होय.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात याचे खापर भाकरीवर फोडणे सोपे आहे. प्रत्यक्षात ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके असतात. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेला आहार अल्पकर्बोदक समजला जातो. त्यात दोन भाकऱ्या सहज बसतात, सोबत पिठले किंवा मटकीची उसळही. बेळगावी कुंद्याला मात्र तेथे फारशी जागा उरत नाही.

अशा आहाराने पहिल्या आठवड्यांत झपाट्याने उतरणारे वजन बरेचसे पाण्याचे असते. स्टॅनफर्डच्या २०१८ मधील अभ्यासात ६०९ जणांची वर्षभर पाहणी झाली. अल्पकर्बोदक व अल्पस्निग्ध आहारांनी घटलेल्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. तासन्‌तास बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला भाकरी तोडण्याहून पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम अधिक उपयोगी ठरेल. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून न घेता कर्बोदके एकदम कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.