बालकांतील गंभीर संसर्ग व रक्तातील मेद

सेप्सिस, मलेरिया, डेंग्यू अशा गंभीर आजारांत मुलांच्या रक्तातील मेदांचे प्रमाण झपाट्याने पालटते. बहुधा एलडीएल व एचडीएल कोलेस्टेरॉल घटते आणि ट्रायग्लिसराइडे वाढतात. दाहातून स्रवणारी सायटोकाइने यकृताकडून जास्त व्हीएलडीएल तयार करवून घेतात, तर ट्रायग्लिसराइडे फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मंदावते. एचडीएल जिवाणूंची विषद्रव्ये बांधून ठेवते. म्हणून ऐन आजारात ते फार उतरणे चिंतेचे.

ट्रायग्लिसराइडे फार चढली की तपासणीच्या नळीतला पिवळसर रक्तद्रव दुधाळ दिसतो. ती प्रति डेसिलिटर ४०० मिग्रॅ.च्या पुढे गेली की नेहमीच्या सूत्राने काढलेले एलडीएल विश्वासार्ह राहत नाही.

न उतरणारा ताप, वाढलेली प्लीहा व घटलेल्या रक्तपेशी यांच्या जोडीला उपाशीपोटी ट्रायग्लिसराइडे प्रति डेसिलिटर २६५ मिग्रॅ. किंवा अधिक असल्यास एचएलएच (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस) या जीवघेण्या गुंतागुंतीचा विचार तातडीने व्हायलाच हवा. एचएलएचच्या निदानाच्या २००४ च्या निकषांत हा आकडा आहे. केवळ आजारपणातल्या अहवालावरून मुलाला कोलेस्टेरॉलचा विकार चिकटवू नये. बरे झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.