नौकेचा तळ

समुद्रावरील पराक्रमाचा इतिहास आपण लढायांच्या व शोधांच्या अंगानें वाचतों. जहाजाचा जो भाग सदैव पाण्याखालीं असतो, त्या तळाची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. मलाही ती सुचली नसती. परवां माझा नातू आपली शिडाची लहानशी होडी किनाऱ्यावर उपडी घालून साबणाच्या पाण्यानें धुवीत बसला होता. होडी लाकडाची नव्हे; कांचेचे तंतू राळेंत बसवून केलेली, म्हणजे फायबरग्लासची. बाहेरून चिनी मातीच्या बशीसारखी गुळगुळीत. मीं म्हटलें, "अरे, एवढी स्वच्छ होडी आणखी काय धुतोस?" तो म्हणाला, "आजोबा, धुणें हें निमित्त. मळ निघाल्याखेरीज भेग दिसत नाहीं."

कोलंबसाच्या खलाशांना हें कळत नव्हतें असें नाहीं. परंतु त्यांचा शत्रू भेग दाखवीतच नसे. लाकूड पोखरणाऱ्या ज्या जीवाला इंग्रजींत 'शिपवर्म' म्हणतात, तो वस्तुतः किडा नसून शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. तो अगदीं लहान असतांना टांचणीच्या अग्राएवढ्या छिद्रांतून फळींत शिरतो आणि आंत वाढत वाढत बोटाएवढें बीळ करतो. बाहेरचें छिद्र तेवढेंच राहतें. वरून फळी धडधाकट, आंतून चाळणी! चौथ्या सफरीवर इ. स. १५०३ मध्यें कोलंबसाचीं उरलेलीं दोन जहाजें या प्राण्यानें इतकीं पोखरलीं कीं, तीं जमैकाच्या किनाऱ्यावर लावावीं लागलीं, आणि सुमारें वर्षभर तो तेथें अडकून पडला.

यावर उपाय म्हणजे ओहोटीला जहाज एका कुशीवर कलंडवावें, तळावर वाढलेलें शेवाळ व कवचधारी जीव खरवडावे, उरलेले पेटत्या गवतानें जाळावे आणि वर डांबर किंवा चरबीगंधकाचा लेप द्यावा. यांत पाण्याजवळ आग आणि आगीजवळ डांबर! किती जहाजें या चिकित्सेनेंच दगावलीं असतील, याची कल्पनाच करावी. आपल्या मुंबईस समुद्राची भरतीओहोटी मोठी, त्यामुळें तेथें १७५० साली सुकी गोदी सिद्ध झाली आणि जहाज कलंडविल्याशिवाय त्याचा तळ तपासणें शक्य झालें.

इंग्रजांनीं १७६१ मध्यें 'अलार्म' नांवाच्या बत्तीस तोफांच्या लढाऊ जहाजाच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकले आणि त्याला वेस्ट इंडीजकडे धाडलें. १७६३ मध्यें तपासणी झाली, तेव्हां सगळे चकित झाले. तांब्यावर शेवाळ नव्हतें, लाकूड शाबूत होतें. परंतु तांबें जेथें लोखंडी खिळ्यांना भिडलें होतें, तेथें खिळे झिजून गेले होते. कांहीं ठिकाणीं मात्र लोखंड चांगलें राहिलें. कां? पत्रे ज्या कागदांत गुंडाळून आले होते, तो कागद तेथें चुकून मध्येंच राहिला होता! खाऱ्या पाण्यांत दोन धातू एकमेकांस भिडले कीं विद्युत् वाहते व त्यांपैकीं एक झिजतो, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. व्होल्टाचा विद्युत्घट निघाला १८०० साली. मुलांना मी हा प्रसंग नेहमीं सांगत असें. निष्काळजीपणानें राहिलेल्या कागदानें एवढें शिकविलें!

पुढें १८२४ च्या सुमारास सर हंफ्री डेव्ही यांनीं तांब्याजवळ लोखंडाचे अथवा जस्ताचे तुकडे बसविण्याची युक्ति काढली. तांबें झिजेनासें झालें, आणि लगेच त्यावर शेवाळ व शिंपले चढूं लागले. झिजणारें तांबेंच त्यांना विष होतें. शास्त्र बरोबर, पण जहाज पुन्हा मलिन!

फायबरग्लासच्या होड्या १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सुरू झाल्या. त्यांना तो पोखरणारा जीव खात नाहीं. म्हणून लोकांना वाटलें, आतां तळाकडे पाहावयास नको. पण कोणत्याही तळाला पाणी लागतेंच. वरच्या चकचकीत थरावर ताऱ्याच्या आकाराची केसाएवढी भेग पडली कीं पाणी आंतील थरांत शिरतें. कधीं पृष्ठभागावर लहान फोड येतात. ते फोडले तर शिरक्यासारखा आंबट वास येतो. म्हणून गोड्या पाण्यानें व मऊ स्पंजानें धुवावें. तारेचा ब्रश लावला तर नवे ओरखडे आपणच काढूं. मग होडी वाळल्यावर तिरप्या उजेडांत पाहावें व बोटाचें नख फिरवावें.

नातू ह्याच रीतीनें पाहत होता. शेवटीं नाण्यानें तो तळ ठोकूं लागला. टणटण, टणटण आणि डोलकाठीच्या बैठकीखालीं एकदम बद्द आवाज आला. मला तेथें कांहींच दिसलें नाहीं, पण वीतभर जागा तशीच बोलत होती. म्हणजे आंतले थर सुटले होते. त्यानें मेणाच्या पेन्सिलीनें तेथें वर्तुळ काढलें. रविवारीं शर्यत होती. मित्र म्हणाले, एवढ्यानें काय होतें? तो कांहीं बोलला नाहीं. होडी वाळावयास ठेवून तो दुसऱ्याच्या होडीवर गेला, आणि वर्तुळ अजून पुसलेलें नाहीं.